मोठी प्रिंट मऊ पडते? मोठ्या फॉरमॅटचा कॅमेरा घेण्याआधी दाणा बघा

५×७ इंचाची प्रिंट सुरेख येते. ८×१० ला जराशी शंका येते, पण चालून जातं. तीच निगेटिव्ह १६×२० वर नेली की पापण्यांचे केस एकमेकांत मिसळून जातात, झाडाची पानं सुटी दिसत नाहीत आणि मोकळ्या आकाशात बारीक वाळू पसरल्यासारखी वाटते. ३५ मिमीच्या फिल्मवर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतं. एकदा भेटलं की दर मोठ्या प्रिंटला पुन्हा भेटत राहतं.

यावर मिळणारा सल्ला ठरलेला असतो: निगेटिव्ह लहान आहे, मीडियम फॉरमॅट, म्हणजे मोठ्या निगेटिव्हचा कॅमेरा, घ्या. सल्ला चुकीचा नाही. पण प्रिंट मऊ पडण्याची कारणं तीन ठिकाणी असू शकतात आणि त्यांतल्या एकाच ठिकाणी हा उपाय लागू पडतो. मी तपासणी न करताच तो केला. मीडियम फॉरमॅटमधला ६×७ चा कॅमेरा घेतला, ट्रायपॉडवर ठेवून काळजीपूर्वक फोटो काढले आणि पहिली १६×२० ची प्रिंट पाहून अक्षरशः हताश झालो. चारही कडा शार्प आणि मधला भाग, जिथे माणसाचा चेहरा होता, तोच मऊ. कित्येक आठवडे मी कॅमेऱ्याच्या लेन्सवर संशय घेत राहिलो. दोष निघाला एन्लार्जरच्या (निगेटिव्ह कागदावर मोठी करून छापणाऱ्या यंत्राच्या) कॅरिअरमध्ये, म्हणजे निगेटिव्ह धरणाऱ्या चौकटीत. निगेटिव्ह दिव्याच्या उष्णतेने फुगत होती, आणि ती मोठी झाल्यामुळे फुगवटाही वाढला होता. मोठ्या फॉरमॅटने माझा जुना दोष बरा केला नाही, उलट तो जास्त स्पष्ट दाखवला.

म्हणून आता कोणी विचारलं, की मी आधी एवढंच सांगतो: प्रिंटमधला दाणा, म्हणजे फिल्मवरचे ते वाळूसारखे बारीक कण, कसा दिसतो ते बघा.

आधी थोडं गणित

३५ मिमीची चौकट २४×३६ मिमी असते. १२० च्या रोलवर (मीडियम फॉरमॅटची रुंद फिल्म) ६×६ सेंटिमीटर म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात ५६×५६ मिमी मिळतात, आणि ६×७ म्हणजे साधारण ५६×७० मिमी (कॅमेऱ्यागणिक एक-दोन मिमी इकडेतिकडे). ४×५ इंचाच्या शीट फिल्मवर होल्डरच्या कडा वजा जाता सुमारे ९५×१२० मिमी चित्र उरतं. क्षेत्रफळ पाहिलं तर ६×७ ची निगेटिव्ह ३५ मिमीच्या साडेचारपट आणि ४×५ ची सुमारे तेरापट.

पण क्षेत्रफळाचे हे आकडे ऐकून हुरळून जाऊ नका. प्रिंटच्या शार्पपणाशी थेट संबंध असतो तो लांबीच्या पटीशी, म्हणजे चित्र किती पट ताणलं त्याच्याशी. १६×२० इंचाचा पूर्ण कागद भरायचा तर ३५ मिमीची निगेटिव्ह सुमारे १७ पट मोठी करावी लागते. ६×७ ला सव्वासात पट पुरतं आणि ४×५ ला सव्वाचार. ६×६ ची गंमत वेगळी आहे. चौरस चित्रातून आयत कापायचा म्हणजे एक बाजू फुकट जाते, आणि ताण नऊ पटींवर जातो. ३५ मिमीचंही असंच आहे. तिची चौकट लांबट असते, आणि ८×१० किंवा १६×२० च्या कागदावर तिचा लांबीकडचा बराच भाग बाहेर पडतो. चौकट न कापता छापली तर ताण थोडा कमी होतो.

आता डोळ्याची बाजू. हातात धरलेली प्रिंट साधारण २५ सेंटिमीटरवरून पाहताना एका मिलिमीटरमध्ये पाच रेषाजोड्या (एक काळी आणि एक पांढरी रेघ मिळून एक जोडी) सुट्या दिसल्या, तर बहुतेकांना चित्र शार्प वाटतं. प्रिंटवर पाच हव्या असतील तर १७ पट ताणलेल्या ३५ मिमीच्या निगेटिव्हवर दर मिलिमीटरला ८५ रेषाजोड्या नोंदलेल्या असल्या पाहिजेत. ६×७ वर ३६ पुरतात, ४×५ वर २१-२२.

३६ ही मागणी साधी लेन्स आणि साधी फिल्मही निभावते. ८५ निभावण्यासाठी मात्र लेन्स, फोकस, ट्रायपॉड, फिल्म, डेव्हलपर, एन्लार्जर आणि एन्लार्जरची लेन्स या सगळ्यांनी एकाच वेळी चोख काम करावं लागतं. साखळीतली एक कडी ढिली पडली तरी ८५ चे ४० होतात. फॉरमॅटचा खरा फायदा मला इथे दिसतो: मोठी निगेटिव्ह चुका पोटात घालते. पण सगळ्याच नाही, आणि काही चुका तर ती मोठ्याही करते.

तपासणी: दाणा आणि चित्र वेगवेगळं वाचायचं

वाईट आलेली प्रिंट घ्या आणि चांगल्या उजेडात भिंगाखाली धरा. चित्र विसरा, फक्त दाणा बघा. मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत. दाणा ही फिल्मच्या पृष्ठावरची खरीखुरी वस्तू आहे. कॅमेऱ्याचा फोकस चुकला, हात हलला, लेन्स सुमार असली, तरी दाण्याला त्याचा स्पर्श होत नाही, कारण तो फिल्म डेव्हलप होताना तयार होतो. त्यामुळे प्रिंटमध्ये दाणा मऊ असेल, तर तो मऊपणा निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये गेल्यानंतरच आलेला असतो. आणि दाणा सुईच्या टोकासारखा असून चित्र मऊ असेल, तर एन्लार्जर निर्दोष आहे आणि चूक फोटो काढतानाच झालेली आहे. दोन्ही शार्प असूनही प्रिंट खरखरीत आणि दरिद्री वाटत असेल, तेव्हाच निगेटिव्हचा आकार अपुरा पडतो असं म्हणता येतं.

ज्यांची फिल्म फार बारीक दाण्याची आहे त्यांना १६×२० वर जाऊनही दाणा नीट दिसत नाही. त्यांनी एन्लार्जरचं हेड (दिवा, निगेटिव्ह आणि लेन्स असलेला वरचा भाग) शक्य तितकं वर न्यावं आणि चित्राचा फक्त एक तुकडा छोट्या कागदावर छापावा. कागद वाचतो आणि दाणा समोर येतो.

दाणाच धूसर आहे

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. माझ्या अनुभवात मोठ्या प्रिंटच्या निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच संपतात.

पहिला संशयित म्हणजे निगेटिव्हचं फुगणं. दिवा लागला की फिल्म तापते, आणि काच नसलेल्या कॅरिअरमध्ये फक्त कडांनी धरलेली असल्यामुळे ती मधोमध उचलली जाते. तुम्ही थंड निगेटिव्हवर फोकस करता, दिवा बंद करता, कागद लावता, दिवा लावता, आणि एक्स्पोजर चालू असतानाच निगेटिव्ह आपली जागा सोडते. छोट्या प्रिंटला हे का जाणवत नाही? एक कारण उघड आहे: ताण कमी. दुसरं कारण मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. हेड वर नेलं की कागदावरचा प्रकाश झपाट्याने कमी होतो. ८×१० ला १० सेकंद लागत असतील, तर त्याच निगेटिव्हच्या १६×२० ला, छिद्र तेच ठेवलं तर, सुमारे ३६ सेकंद लागतात. म्हणजे दिवा साडेतीन पटींहून अधिक वेळ निगेटिव्हला तापवतो, आणि तोही नेमका ज्या प्रिंटमध्ये चूक सहन होत नाही तिथे.

ही चूक किती बारीक असते पाहा. १७ पटींवर आणि लेन्सचं छिद्र एफ/५.६ वर असताना (आकडा मोठा तितकं छिद्र लहान) निगेटिव्हच्या बाजूला फोकस टिकण्याची एकूण जागा मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढी असते. उलट कागदाच्या बाजूला तीच जागा चाळीसेक मिलिमीटर निघते. म्हणून ग्रेन फोकसरखाली (बेसबोर्डवर ठेवून दाणा मोठा करून दाखवणाऱ्या भिंगाखाली) प्रिंटच्याच जाडीचा कागद ठेवला नाही याची चिंता करण्यात अर्थ नाही. चिंता करायची ती वर, कॅरिअरमध्ये.

तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत. निगेटिव्ह थंड असताना मध्यभागी ग्रेन फोकसरने फोकस करा. दिवा मिनिटभर चालू ठेवा. पुन्हा त्याच जागी बघा. दाणा विरघळलेला दिसला तर कारण सापडलं. उपाय दोन आहेत. काचेचं कॅरिअर हा पक्का उपाय, मात्र त्यात धूळ बसायला चार जास्तीचे पृष्ठभाग मिळतात, आणि फिल्मचा चकचकीत पाठीचा भाग काचेला टेकला की न्यूटनची इंद्रधनुषी वलयं उठतात. त्यासाठी वरची काच बारीक खरखरीत, वलयविरोधी असते तीच घ्यावी. दुसरा उपाय फुकटचा आहे: निगेटिव्ह आधी तापू द्या. लेन्सखालची लाल चकती आड करा, दिवा लावून निगेटिव्ह फुगून स्थिर होऊ द्या, त्या अवस्थेत फोकस करा आणि दिवा न विझवता, लाल चकतीच्या आडोशाने कागद लावून, चकती सरकवून एक्स्पोजर द्या. रंगीत कागदाला हा मार्ग नाही, कारण त्याला लाल उजेडही चालत नाही.

आकार वाढला की फुगवटा वाढतो हे मघाशी सांगितलंच. ३५ मिमीला विनाकाच कॅरिअर बऱ्यापैकी निभावतं. ६×६ पासून पुढे मी काचेशिवाय मोठी प्रिंट काढत नाही.

दुसरा संशयित म्हणजे तिरपेपणा. एक बाजू शार्प आणि समोरची मऊ असेल, तर निगेटिव्ह, लेन्सची पट्टी आणि बेसबोर्ड (कागद ठेवायचा खालचा पाट) हे तिन्ही एकमेकांना समांतर नाहीत. पूर्ण काळ्या पडलेल्या, डेव्हलप झालेल्या फिल्मच्या तुकड्यावर सुईने उभ्या-आडव्या रेघा ओढा आणि तो कॅरिअरमध्ये लावून लेन्स पूर्ण उघडी ठेवून प्रक्षेपित करा. मध्यभागी फोकस करा, मग चारही कोपरे ग्रेन फोकसरने तपासा. कोपरे बिघडलेले दिसले तर आधी पाणसळ घेऊन तिन्ही पातळ्या जुळवा, मग पुन्हा रेघा बघा. एन्लार्जर हलवल्यावर, किंवा हेड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेल्यावरही, हे बिघडू शकतं. म्हणून तपासणी मोठ्या प्रिंटच्या उंचीवरच करा. खालच्या उंचीवर जुळलेली पातळी वर गेल्यावर सुटलेली मी पाहिली आहे.

मग लेन्स. ३५ मिमीला ५० मिमीची, ६×६ ला ८० ची, ६×७ ला ९० ते १०५ ची आणि ४×५ ला १५० ची लेन्स लागते. फॉरमॅट बदलला आणि लेन्स जुनीच ठेवली की कोपरे काळवंडतात किंवा मऊ पडतात, आणि दोष नव्या कॅमेऱ्यावर येतो. छिद्र पूर्ण उघड्यापासून दोन-तीन पायऱ्या खाली ठेवा. एफ/१६ वर जाऊन सगळं शार्प होईल ही आशा ३५ मिमीच्या बाबतीत फसवी आहे: तिथे प्रकाशाचं वळणच बारीक तपशील खाऊन टाकतं.

लेन्सच्या महत्त्वाचं एक उदाहरण इतिहासातच आहे. कोडॅकने १९८२ मध्ये डिस्क फिल्म आणली. तिची निगेटिव्ह सुमारे ८×१० मिमी, म्हणजे नखाएवढी. साध्या खिशातल्या प्रिंटलाही ती अकरा पट ताणावी लागे. कंपनीने त्यासाठी छपाईची खास सहा भिंगांची लेन्स सुचवली होती, पण अनेक लॅबनी आपल्याकडची नेहमीची तीन भिंगांची लेन्सच वापरली. लोकांच्या हाती खरखरीत, मऊ प्रिंट आल्या. निगेटिव्ह लहान होती हे खरंच, पण तिच्यात होतं तेवढंही कागदावर उतरलं नाही.

कंपनाबद्दल थोडक्यात: उंच केलेलं हेड लवकर थांबत नाही. कागद लावल्यावर काही सेकंद हात बाजूला ठेवा, आणि स्तंभाचं वरचं टोक भिंतीला बांधता आलं तर जरूर बांधा.

दाणा टोकदार, चित्र मऊ

आता चूक कॅमेऱ्याच्या बाजूला. चित्रातले छोटे चमकदार ठिपके शोधा: पाण्यावरची चमक, डोळ्यातला प्रकाश, धातूची कड. ठिपक्याची बारीक रेघ झाली असेल आणि सगळ्या रेघा एकाच दिशेच्या असतील, तर कॅमेरा हलला. ठिपक्याची गोल टिकली झाली असेल, तर फोकस चुकला. अशा वेळी विषयाच्या थोडं पुढे किंवा मागे काहीतरी शार्प सापडतंच. मधला भाग ठीक आणि कडेला ठिपक्यांना शेपट्या फुटल्या असतील, तर लेन्स जास्त उघडी होती.

मोठ्या फॉरमॅटचा सापळा इथेच आहे, आणि तो आधी माहीत असलेला बरा. चित्राची चौकट आणि खोलीतला शार्पपणा तोच ठेवायचा, तर ३५ मिमीवर एफ/८ ला जे मिळतं त्यासाठी ६×७ वर एफ/१६ लागतं आणि ४×५ वर जवळजवळ एफ/२८. एफ/८ वर १/१२५ सेकंद असेल तर एफ/१६ वर तो १/३० होतो. हातात धरलेला ६×७ चा जड कॅमेरा, त्यात आरशाचा धक्का, आणि १/३० सेकंद! अशा निगेटिव्हपेक्षा ट्रायपॉडवर काढलेली ३५ मिमीची निगेटिव्ह सरस ठरते, हे मी एकाच दृश्यावर दोन्ही करून पाहिलं आहे. ज्याला ट्रायपॉड नकोच आहे, रस्त्यावर चालत फोटो काढायचे आहेत, त्याने मीडियम फॉरमॅट शार्पपणासाठी घेऊ नये. दाणा कमी होईल, शार्पपणाची हमी नाही.

दोन्ही शार्प, तरीही प्रिंट गरीब वाटते

आता खरोखर निगेटिव्हचा आकार. तरी लगेच कॅमेरा बदलू नका, कारण दाणा फिल्म आणि डेव्हलपरवरही अवलंबून असतो. ४०० आयएसओच्या फिल्मऐवजी १०० ची, गरजेपुरतंच एक्स्पोजर (फार दाट निगेटिव्ह जास्त दाणेदार छापली जाते), डेव्हलपिंग ओढूनताणून न करणं, आणि रोडिनालसारख्या दाणा उघडा ठेवणाऱ्या डेव्हलपरऐवजी डी-७६ किंवा एक्सटॉल. एवढ्याने ३५ मिमीची प्रिंट एक पायरी वर जाते. टी-मॅक्स १०० या फिल्मसाठी कोडॅकने दिलेले आकडे बोलके आहेत: भडक काळ्या-पांढऱ्या चाचणीत दर मिलिमीटरला २०० रेषाजोड्या, पण कमी कॉन्ट्रास्टच्या तपशिलात ६३. आपल्या चित्रातलं गवत, कापडाचा पोत, त्वचा हे बहुतेक सगळं त्या दुसऱ्या आकड्याच्या बाजूला असतं. आणि १७ पटींना तर आपल्याला ८५ हवे होते. म्हणजे सगळं चोख केलं तरी १६×२० वर ३५ मिमीची फिल्म मऊ पोत पूर्णपणे देऊच शकत नाही. इथे हात टेकावेच लागतात.

मोठा फॉरमॅट नक्की काय देतो, हे मला उशिरा कळलं. दाणा कमी दिसणं हा त्यातला लहान भाग. तपशील जितका बारीक, तितका फिल्मवर त्याचा काळा-पांढरा फरक फिका नोंदला जातो. ३५ मिमीवर विटेची खरखर अगदी बारीक नोंदली जाते, म्हणून फिकी. ४×५ वर तीच खरखर चौपट मोठ्या आकारात नोंदली जाते, म्हणून जोमदार. यामुळेच ४×५ ची प्रिंट ८×१० एवढ्या छोट्या आकारातही वेगळी वाटते, जिथे ३५ मिमीचा दाणाही दिसत नसतो. पोत हाताला लागेल असा दिसतो, आणि आकाश किंवा गालावरची सावली एका छटेतून दुसरीत अडखळत नाही. एडवर्ड वेस्टन ८×१० इंचाच्या निगेटिव्हवरून थेट कॉन्टॅक्ट प्रिंट काढत असत, म्हणजे ताण एकपट. त्या प्रिंटमधल्या छटा पाहिल्या की आकाराचं हे देणं समजतं.

धुळीचंही तेच गणित आहे. निगेटिव्हवरचा दशांश मिमीचा कण १७ पटींवर १.७ मिमीचा पांढरा डाग होतो, ४×५ वर अर्ध्या मिमीपेक्षा लहान राहतो. प्रिंटवर ब्रशने डाग भरत बसलेल्यांना याची किंमत सांगायला नको.

स्कॅन करणाऱ्यांसाठी

एन्लार्जरऐवजी फ्लॅटबेड स्कॅनर असेल तर तपासणी तीच, फक्त संशयित वेगळे. फ्लॅटबेडच्या खोक्यावरचा इंचाला इतके पिक्सेल हा आकडा आणि प्रत्यक्ष उतरणारा तपशील यांत मोठी तफावत असते. समजा, प्रत्यक्षात २४०० मिळतात. ३५ मिमीच्या लहान बाजूला मग सुमारे २२७० पिक्सेल आले. इंचाला ३०० ने छापले तर साडेसात इंच, संपलं. ६×७ ला त्याच यंत्रात ५२९० मिळतात, साडेसतरा इंच. म्हणूनच फ्लॅटबेडवर दोन फॉरमॅटमधला फरक फिल्मच्या खऱ्या फरकापेक्षा मोठा वाटतो. स्कॅनमध्ये दाणा गुठळ्या-गुठळ्यांचा दिसत असेल तर फिल्मवर ठपका ठेवण्याआधी होल्डरची उंची एकेक मिमी बदलून पाहा, आणि स्कॅनरचं आपोआप होणारं शार्पनिंग बंद करा.

आणि एवढं सगळं करूनही मोठ्या फॉरमॅटचाच विचार पक्का होत असेल, तर घेण्याआधी एक दिवस कोणाचा तरी कॅमेरा मागून घ्या. एकच दृश्य, एकच ट्रायपॉड, एकाच जातीची फिल्म, दोन्ही कॅमेऱ्यांवर. दोन्हींचा चित्रातला तोच तुकडा १६×२० च्या पटीने ८×१० च्या कागदावर छापा, वाळू द्या, आणि ज्या अंतरावरून ती प्रिंट भिंतीवर पाहिली जाणार आहे त्या अंतरावरून शेजारी-शेजारी पाहा. मागच्या बाजूला फॉरमॅट लिहून ठेवा, पण पाहताना उलटू नका.